समुद्राकाठच्या धाटणीचं घर: आधी मिठाचा विचार, मग रंगाचा

समुद्राकाठच्या धाटणीचं घर म्हटलं की भिंतीवर लाकडी नांगर, बरणीत शिंपले आणि निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या उशा डोळ्यांसमोर येतात. हे सामान एका दुपारी आणता येतं आणि वर्षभरात नकोसंही होतं. अशा जुन्या घरांकडे नीट पाहिलं तर तिथली बहुतेक प्रत्येक गोष्ट ऊन, वारा आणि मीठ यांच्यापायी आलेली दिसते. व्हरांडा खोल, कारण सावली हवी. रंग फिका, कारण भिंत तापायला नको. बैठकीला सुटे अभ्रे, कारण ते काढून धुता येतात. म्हणून काम बाहेरून आत करत या आणि शोभेच्या वस्तू शेवटी ठेवा. घर किनाऱ्यापासून लांब असेल तर धातूंचा भाग सोडून द्या, बाकीचं तसंच लागू पडतं.

स्क्रू आणि बिजागऱ्या

पांढऱ्या फळीवर स्क्रूच्या डोक्याभोवती आधी चहा सांडल्यासारखा फिकट डाग दिसतो. दोन-चार पावसांनंतर त्याच डागातून बोटभर लांब तपकिरी ओघळ उतरतो. वरून रंग मारला की तो झाकला जातो आणि थोड्याच दिवसांत परत वर येतो, कारण गंज आत चालूच असतो. अशा स्क्रूवरचा जस्ताचा मुलामा जेमतेम काही मायक्रॉनचा असतो, खाऱ्या हवेपुढे तो टिकत नाही.

किनाऱ्यालगत ३१६ दर्जाचं स्टेनलेस स्टीलच घ्या. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि ते मिठामुळे पडणाऱ्या बारीक खड्ड्यांना अडवतं. नेहमीच्या ३०४ मध्ये ते नसतं. दिसायला दोन्ही सारखीच असल्याने बोल्टच्या डोक्यावरचा किंवा डब्यावरचा शिक्का वाचा: ‘ए४’ म्हणजे ३१६ आणि ‘ए२’ म्हणजे ३०४. बिजागऱ्या आणि कड्यांसाठी भरीव पितळ उत्तम. ते काळवंडतं, पण सहसा अडकून बसत नाही. ॲल्युमिनियमच्या चौकटीत स्टीलचा स्क्रू थेट बसवू नका. दोन धातू ओल्या मिठात एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम झिजतं आणि भोकाभोवती पांढरी भुकटी जमते. मध्ये नायलॉनचा वॉशर हवाच.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. सर्वांत जास्त गंज वळचणीखाली धरतो, कारण तिथलं मीठ धुवायला पाऊस पोचत नाही. छपराखालचे दिवे, जाळ्या आणि एसीचं बाहेरचं युनिट महिन्यातून एकदा गोड्या पाण्याच्या हलक्या धारेने धुवा. युनिटच्या बारीक पात्यांवर जोराचा फवारा मारू नका, त्या वाकतात.

बाहेरच्या भिंती

रंग सुटण्याचं कारण बहुतेक वेळा रंगाखाली राहिलेलं मीठ असतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, फुगे येतात आणि पापुद्रे निघतात. भिंत किंवा फळी गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या आणि वाळली की लगेच प्रायमर लावा. आठवडाभर थांबलात तर मीठ पुन्हा बसतं आणि धुणं फुकट जातं. लाकडातला ओलावा मीटरवर १५ टक्क्यांच्या वर असेल तर ब्रश हातात घेऊ नका. फळी बसवण्याआधीच तिला सहाही बाजूंनी प्रायमर द्या. कापलेली टोकं सर्वांत जास्त पाणी पितात आणि नेमकी तीच राहून जातात. वरून शुद्ध ॲक्रिलिकचे दोन हात.

विटा-दगडाच्या भिंतीला चुना अजूनही सुंदर दिसतो आणि भिंतीतली ओल बाहेर पडू देतो. तो दुधाइतका पातळ करा, भिंत आधी भिजवा आणि एकेक दिवसाच्या अंतराने ४-५ हात द्या. घाईने दिलेला एकच जाड हात तडकून झडतो. जुन्या प्लास्टिक पेंटवर चुना धरत नाही. आधी तो खरवडून काढावा लागतो.

देवदार जातीच्या लाकडी शिंगल्सना, म्हणजे भिंतीवर एकावर एक चढवून ठोकलेल्या पातळ फळकुटांना, रंगाची गरज नसते. ऊन-पावसात त्या रुपेरी राखाडी होतात. सगळ्या बाजू एकाच वेळी पालटत नाहीत, तेव्हा पहिली काही वर्षं घर ठिगळ लावल्यासारखं दिसलं तर घाबरू नका.

व्हरांडा

पैसे एकाच जागी घालायचे असतील तर इथे घाला. व्हरांड्याची खोली, म्हणजे भिंतीपासून बाहेरच्या कडेपर्यंतचं अंतर, २.४ मीटर ठेवा. पाय पसरून बसलेल्या माणसाला खुर्चीसकट साधारण दीड मीटर लागतो, उरलेल्या ९० सेंटिमीटरमधून दुसरा निवांत जातो. १.८ मीटरच्या व्हरांड्यात लोक भिंतीला टेकून ओळीत बसतात आणि येणारा-जाणारा त्यांचे पाय ओलांडतो. फरशीला बाहेरच्या बाजूला मीटरमागे १२ ते १५ मिलिमीटर उतार द्या, नाहीतर तिरपा पाऊस उंबऱ्याशी साचतो. डेकच्या, म्हणजे लाकडी ओट्याच्या, वाळलेल्या फळ्यांमध्ये ५-६ मिलिमीटर फट सोडा. ओल्या फळ्या मात्र जवळजवळ चिकटवून बसवा, वाळताना त्या आपोआप फट करतात. बाहेरच्या गाद्यांना सूतच रंगवून विणलेलं ॲक्रिलिक कापड आणि पाणी झरझर गाळून टाकणारा फोम घ्या.

वारा अडवायला भरीव भिंत बांधू नका. वारा तिच्यावरून उसळून पलीकडे भोवरा करतो. निम्मी उघडी जाळी किंवा कुंपणझाडं वारा मोडतात आणि उंचीच्या कितीतरी पट अंतरापर्यंत आडोसा देतात. उष्ण हवेत उंडी, केवडा, बोगनवेल, वाळूवर मर्यादवेल. कण्हेरही खारं वारं सोसते, पण ती विषारी आहे, लहान मुलं किंवा गुरं असतील तर नको. पायवाटेला खाली जिओटेक्स्टाइल (जमिनीत घालायचं, पाणी झिरपू देणारं कापड) आणि वर ५ सेंटिमीटर खडी पुरते.

आत

पांढरा निवडताना बहुतेक जण फसतात. समुद्राच्या बाजूच्या खोलीत उजेड इतका असतो की शुभ्र पांढरा डोळ्यांना टोचतो. किंचित पिवळट किंवा राखाडी झाक असलेला घ्या. नमुना थेट जुन्या भिंतीवर लावू नका, शेजारचा रंग फसवतो. ६० × ६० सेंटिमीटरच्या बोर्डावर दोन हात द्या, तो उभा धरून सकाळी, भर दुपारी आणि रात्री दिव्याखाली पाहा. भिंती मॅट, दारं-खिडक्या त्याच छटेत सेमी-ग्लॉस. निळा एकच, तोही थोडा. बाकी वाळू, सुकलेलं गवत आणि धुपलेलं लाकूड यांच्या रंगांवर सोडा.

भिंतीला लाकडी फळ्यांचं आवरण देणार असाल तर ते एक तृतीयांश उंचीपर्यंत, म्हणजे २.७ मीटरच्या भिंतीला ९० सेंटिमीटर. अर्ध्यावर आणलं की खोली मधोमध कापल्यासारखी दिसते. फळ्या त्याच खोलीत आठवडाभर पडू द्या, मग २० मिलिमीटरच्या पट्ट्यांवर ठोका, म्हणजे मागे हवा खेळते. फळीच्या कडेची, शेजारच्या फळीच्या खाचेत बसणारी जीभ आधीच रंगवा. कोरड्या ऋतूत फळी आकसली की प्रत्येक सांध्यात बिनरंगी रेघ उघडी पडते. न्हाणीघरात एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड) नको, ते फुगतं.

कापडात लिनन आणि जाड सूत. लिनन आटतं, म्हणून कापायच्या आधी धुवा आणि १० टक्के जास्त घ्या. नाहीतर पहिल्या धुण्यानंतर अभ्रा सोफ्यावर चढत नाही. तागाचा गालिचा दमट खोलीत कुबट होतो, सिसलवर (घायपाताच्या धाग्याच्या गालिच्यावर) पाण्याचा डाग राहतो. सुती सतरंजी सर्वांत कमी त्रासाची. ती इतकी मोठी असावी की सोफ्याचे निदान पुढचे पाय तिच्यावर येतील. खऱ्या वेताच्या खुर्च्या आतच ठेवा. पडद्याची दांडी खिडकीच्या वर १५ आणि दोन्ही बाजूंना २० सेंटिमीटर जाऊ द्या, कापड रुंदीच्या दुप्पट. दिवे २७०० केल्विनचे, म्हणजे उबदार पिवळसर प्रकाशाचे. पांढऱ्या भिंतींवर थंड प्रकाश दवाखान्यासारखा वाटतो.

हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवा. कपाट बाहेरच्या भिंतीपासून ५ सेंटिमीटर पुढे ओढा आणि दारांना झडपा ठेवा. चित्रांच्या चौकटींच्या मागे चारही कोपऱ्यांत बुचाचे छोटे तुकडे चिकटवा. तेवढी हवा फिरली नाही तर चौकट काढल्यावर भिंतीवर बुरशीचा काळा चौकोन मिळतो.