आईबाबांना यूपीआय शिकवायचंय? मग अ‍ॅप सगळ्यात शेवटी उघडा

घरातल्या मोठ्यांना जीपे-फोनपे शिकवायला बसलेली पोरं काय करतात, तर फोन ओढून घेतात, भराभर सगळं इन्स्टॉल करतात, "बघ किती सोप्पंय" म्हणतात आणि थोड्या वेळाने स्वतःच वैतागून उठतात. मग घरात जाहीर होतं की बाबांना नाही जमत. अहो रोज सकाळी ढीगभर ग्रुपवर सुप्रभातचे फोटो टाकणाऱ्या माणसाला स्कॅन करून आकडा टाकायला जमत नाही? जमतं, पण व्हॉट्सअ‍ॅप त्यांना हवं होतं आणि यूपीआय तुम्हाला हवंय, सगळी गोची तिथंच आहे.

हे काही माझ्या मनचं नाही. फ्रेड डेव्हिस नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९८९ मध्ये लोक कॉम्प्युटरवरचे नवे प्रोग्रॅम का वापरतात हे तपासलं होतं आणि त्यात निघालं की सोपं वाटण्यापेक्षा कामाचं वाटणं जास्त महत्त्वाचं, म्हणजे कामाची गोष्ट असेल तर माणूस थोडा त्रास काढतो पण बिनकामाची गोष्ट कितीही सोपी करून द्या, तो हात लावत नाही. तरी आपण सगळे "सोप्पंय सोप्पंय" हेच विकत बसतो.

म्हणून आधी काही दिवस नुसतं ऐका. ते कशावरून कुरकुरतात? रिक्षावाल्याकडे सुट्टे नसतात, लाइट बिलाची रांग, गावाकडे बहिणीला पैसे पाठवायचे तर बँकेत जाऊन स्लिप भरा, नातवाचा रिचार्ज. यातलं एकच काम उचला आणि तेवढंच शिकवा, बाकी अ‍ॅपमध्ये सोनं, विमा, कर्ज, स्क्रॅच कार्ड असं काय काय असतं त्याकडे बघायचंसुद्धा नाही. माझ्या मते सुरुवातीला बहिणीला पैसे पाठवण्याइतकं चांगलं काम दुसरं नाही, कारण समोरून लगेच फोन येतो "मिळाले गं" आणि ती खात्री कुठल्याही हिरव्या टिकमार्कपेक्षा मोठी असते.

दुकानदारांचं बघा ना. यूपीआय आलं एप्रिल २०१६ मध्ये, ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली तेव्हा नाइलाजाने बऱ्याच जणांनी काही ना काही डाऊनलोड केलं, पण गल्लीतला भाजीवाला यात खरा मुरला तो नंतर. जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराला कमिशन नाही, मग कोरोनात लोक नोटांना हात लावेनात, आणि पैसे आले की मोठ्याने सांगणारा तो बोलणारा डबा आला. त्या डब्याने एकच भीती घालवली, गर्दीत कोणीतरी खोटा स्क्रीनशॉट दाखवून निघून जाईल ही. आणि उलटंही होतंच की, जुलै २०२५ मध्ये बंगळुरूत यूपीआयवरच्या उलाढालीवरून छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा आल्या तर कित्येकांनी स्कॅनर काढून "फक्त कॅश" च्या पाट्या लावल्या. फायदा दिसला तर घेतलं, फटका दिसला तर सोडलं.

आता भीती. "पैसे उडतील" हे वाक्य हसण्यावारी नेऊ नका, फ्रॉड होतात हे खरंच आहे. पेन्शनचं खातं जोडायचंच नाही, दुसरं एखादं खातं घ्या आणि त्यात लागतील तेवढेच पैसे ठेवा, म्हणजे गेले तरी किती जातील हे त्यांना आधीच माहीत असतं आणि निम्मी धाकधूक तिथंच संपते. चहा-भाजीसाठी यूपीआय लाइट, म्हणजे अ‍ॅपमधलंच छोटं पाकीट, चालू करून द्या, त्यात एका वेळी १,००० पर्यंत पिन लागत नाही, आत जास्तीत जास्त ५,००० राहतात, शिवाय पासबुकात दहा-दहा रुपयांच्या एंट्र्यांची माळ लागत नाही, हे बाबा लोकांना फार आवडतं. आणि एक वाक्य पाठ करून घ्या: पैसे येताना पिन लागत नाही, कोणी पिन टाका म्हटलं की पैसे जाणारच. काही गडबड झालीच तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन, हा नंबर फोनमध्ये सेव्ह करा आणि फ्रिजवर पण चिकटवा.

सेटअप करताना लोक इथं अडकतात: बँकेत जो नंबर दिलाय तेच सिम या फोनमध्ये पाहिजे, दोन सिम असतील तर बरोबर सिम निवडायचं, आणि त्या सिमवरून एसएमएस जायला हवा म्हणजे रिचार्ज संपलेला चालत नाही. पिन सेट करायला डेबिट कार्डचे शेवटचे सहा आकडे आणि एक्स्पायरी लागते, कार्ड नसेल तर बऱ्याच बँकांत आधारवरून होतं. पहिले २४ तास ५,००० च्या वर जात नाही, तेव्हा पहिल्याच दिवशी मोठं पेमेंट करायला लावून "बघ, चालत नाही" ऐकून घेऊ नका.

सराव कसा? फोन त्यांच्याच हातात, तुमचे हात मागे. तुम्हाला १ रुपया पाठवायला लावा, परत करा, परत पाठवायला लावा. एकदा मुद्दाम चुकीचा पिन टाकायला सांगा, काही फुटत नाही हे डोळ्यांनी दिसू दे. पेमेंट अडकलं तर लगेच दुसऱ्यांदा मारायचं नाही, थांबायचं, कापलेले पैसे बहुतेक वेळा आपोआप परत येतात. स्कॅन केल्यावर नाव वाचायची सवय पहिल्या दिवसापासून.

तुमच्याकडून शिकायला कमीपणा वाटत असेल तर शेजारच्या काकूंना पुढे करा. अमेरिकेत आयोवाच्या शेतकऱ्यांनी संकरित मक्याचं बियाणं कसं स्वीकारलं याचा १९४३ चा एक अभ्यास आहे, त्यात बियाण्याची खबर विक्रेत्याकडून लागली पण विश्वास बसला तो शेजाऱ्याचं ऐकून. सोसायटीत पण हेच चालतं.

साधा बटणांचा फोन असेल तर यूपीआय १२३पे आहे, त्याला इंटरनेट लागत नाही. आणि खातं जोडायलाच नको म्हणत असतील तर यूपीआय सर्कल करा, आई स्वतःच्या फोनवरून स्कॅन करणार आणि पैसे तुमच्या खात्यातून जाणार, महिन्याची मर्यादा तुम्ही ठरवायची (१५,००० पर्यंत) किंवा दर वेळी मंजुरी तुमच्या फोनवर घ्यायची. त्यातला दुसरा प्रकार निवडलात तर मीटिंगमध्ये असताना कोथिंबिरीची मंजुरी द्यायची तयारी ठेवा.