लीड शीटवरून जाझ पियानो: डाव्या हाताचं काय करायचं?

लीड शीट म्हणजे एका पानावर चाल आणि तिच्या डोक्यावर कॉर्डची नावं. बाकी सगळं वाजवणाऱ्यानं ठरवायचं. पुण्यात माझ्याकडे शिकायला येणारी बरीच मंडळी पेटीवरून पियानोकडे वळलेली असतात आणि जवळजवळ प्रत्येकाला कुणीतरी सांगितलेलं असतं, ‘डाव्या हातात अख्खी कॉर्ड धर, उजव्यानं चाल वाजव.’ हा सल्ला आजच सोडून द्या.

स्टाफ नोटेशन वाचता येतं आणि सेव्हन्थ कॉर्ड बोटांत बसल्या आहेत, असं मी धरून चालते.

सावकाश लयीचं, ३२ बारचं एखादं गाणं निवडा. अप्पा बळवंत चौकातून पानाच्या तीन झेरॉक्स काढून आणा. एक तरी खोडाखोडीत जातेच. चाल पाठ होईपर्यंत गा. मग डाव्या हातात फक्त कॉर्डचा मूळ स्वर आणि उजव्यात चाल असं पूर्ण गाणं दोनदा वाजवा.

आता खरी अडचण. कोरेगाव पार्कातल्या एका छोट्या कार्यक्रमासाठी मी पहिल्यांदाच बास वाजवणाऱ्याबरोबर तालमीला बसले होते. प्रत्येक कॉर्डचे चारही स्वर, मूळ स्वर तळाला, सगळं डाव्या हातात. दर बारला हात उडी मारत होता. रेकॉर्डिंग ऐकलं तर खालच्या सप्तकात नुसती घरघर, आणि चाल त्याखाली दबलेली. आपल्याला कॉर्ड कमी येतात म्हणून असं होतंय, अशी समजूत करून घेऊन मी वर्षभर आणखी अवघड कॉर्ड शिकत राहिले. ते वर्ष वाया गेलं. कॉर्ड मला पुरेशा येत होत्या. एका कॉर्डवरून दुसरीवर जायचं कसं, ते कळत नव्हतं.

जाझमध्ये पावलोपावली भेटणारी जोडणी घ्या: डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन. पांढरी एकला, म्हणजे सी या स्वराला, सा माना. पहिली कॉर्ड रे-म-ध-सा, दुसरी प-नी-रे-म, तिसरी सा-ग-प-नी. प्रत्येकीतला, मूळ स्वरापासून सप्तकात मोजून, तिसरा आणि सातवा एवढेच दोन स्वर ठेवा, कारण कॉर्डचा स्वभाव तेच सांगतात. हाती उरतं ते असं: म-सा, मग म-नी, मग ग-नी.

हे सावकाश वाजवून बघा. म जागेवर राहतो, सा एक पाऊल खाली नीवर येतो. मग नी जागेवर राहतो आणि म गवर उतरतो. दर वेळी एकच बोट हलतं, तेही लगतच्या स्वरावर. झेरॉक्सवर पेन्सिलीनं हे स्वर लिहा आणि एकापासून दुसऱ्यापर्यंत रेघ ओढा. रेघ आडवी किंवा किंचित उतरती दिसली पाहिजे. ती उभी चढली, तर जोडी उलटी करून बघा: सातवा खाली, तिसरा वर. गाणं मध्येच दुसऱ्या पट्टीत शिरलं की तुमचा सासुद्धा तिकडे न्या.

ही जोडी मधल्या पांढरी एकच्या आसपास ठेवा. सी मेजर सेव्हनचा ग तिच्या लगेच खालच्या सप्तकातला. त्याहून फार खाली गेलात की तीच घरघर सुरू होते. बास वाजवणारा सोबत असेल तर मूळ स्वराला हात लावू नका, ते त्याचं काम आहे. एकटे असाल तर मूळ स्वर आधी खाली वाजवून मग जोडीवर या.

आणखी एक खड्डा. चाल सावर थांबली आहे आणि पानावर सी मेजर सेव्हन लिहिलं आहे. तिथे खालचा नी चालीतल्या साला टोचतो. नी काढा, ध घ्या. पान काहीही म्हणो, चालीचा मान पहिला.

हे जमल्यावरच त्याच तीन कॉर्डमध्ये रंग भरा: म-ध-सा-ग, म-ध-नी-ग, ग-प-नी-रे. मूळ स्वर कुठेच नाही, तरी कॉर्ड ओळखू येते. बिल इव्हान्ससारख्या जाझ पियानोवादकांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून ही पद्धत रुजवली. सगळीकडे चारही स्वर घालू नका. चाल भरधाव असेल तिथे दोनच पुरतात, ती लांब स्वरावर थांबली की भरा.

ठेक्यासाठी सुरुवातीला बारमध्ये दोनच आघात: पहिल्या मात्रेवर, आणि दुसरी व तिसरी यांच्या बरोबर मध्ये. गाणं सुरू होण्याआधीचा तुकडा म्हणून गाण्याचे शेवटचे चार बार वाजवा.

शेवटी पट्टी बदला. गायिका म्हणाली, ‘मी काळी पाचला गाते,’ तर पानावरची कॉर्डची सगळी नावं बदलतात, पण म-सा, म-नी, ग-नी तेच राहतं. काळी दोन-काळी पाच, काळी दोन-पांढरी सहा, पांढरी दोन-पांढरी सहा. रोज एक पट्टी घ्या, बारा दिवसांत सगळ्या होतात.