माशीला नाव ठेवण्याआधी

पहिल्या हंगामात मी होव्हरफ्लायचे, म्हणजे हवेत एका जागी तरंगणाऱ्या माशीचे, शेकडो फोटो काढले, आणि जवळजवळ सगळे वरून. पिवळ्याकाळ्या पट्ट्यांचं पोट छान दिसायचं. मग पुस्तकातल्या चित्राशी पट्टे जुळवायचे आणि नाव लिहून मोकळं व्हायचं. पुढे एका जाणकारांना ते फोल्डर दाखवलं, तर त्यांनी निम्म्याहून जास्त नावं खोडली. प्रत्येक फोटोला त्यांचा एकच प्रश्न: "हिचा मागचा पाय कुठाय?"

शेतीच्या पुस्तकांत हिला सिरफिड माशी म्हणतात. बऱ्याच जातींच्या अळ्या मावा ही कीड खातात, म्हणून तिथे हिची दखल. जगभरात हिच्या ६,०००हून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या कितीतरी मधमाशीचं किंवा गांधीलमाशीचं सोंग घेतात. त्यामुळे आधी ही माशीच आहे ना, ते बघा: पंख दोनच, शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) आखूड, डोळे मोठे. पंख स्पष्ट आला असेल तर मधोमध एक खोटी शीर दिसते, घडी पडल्यासारखी, दोन्ही टोकांना मोकळी. शिवाय पंखाच्या बाहेरच्या कडेजवळ शिरा वळून कडेला समांतर धावतात, जणू आतून दुसरी किनार शिवली आहे. या दोन खुणा मिळाल्या की मी निश्चिंत होतो.

पुढची पायरी नर की मादी. डोळे डोक्यावर एकमेकांना टेकलेले असले तर बहुधा नर. मधे फट असली तर मादी. 'बहुधा' अशासाठी की हेलोफिलससारख्या काही प्रजातींत (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) नराचेही डोळे एकमेकांपासून दूर असतात. हे मी सुरुवातीला टाळायचो आणि मग नराची लक्षणं मादीत शोधत बसायचो.

काही जाती नवख्यालाही जमतात. एपिसिर्फस बाल्टिएटसच्या पोटाच्या तिसऱ्या-चौथ्या खंडावर एक जाड आणि एक बारीक असे काळे पट्टे असतात. ती वरूनही ओळखू येते. पण कोषावस्था थंडीत गेली की हीच माशी बरीच काळपट निघते. एकाच जातीचे दोन फोटो मी दोन जाती म्हणून ठेवले होते ते याच गोंधळात. इरिस्टॅलिस टेनॅक्सच्या डोळ्यांवर केसांचे गडद उभे पट्टे असतात, मागची नडगी जाड आणि वाकडी. म्हणजे ती पक्की करायची तर चेहरा आणि पाय हवेत, पोट नव्हे.

खरी कसोटी सिर्फससारख्या प्रजातीत लागते. सिर्फस रिबेसी आणि सिर्फस व्हिट्रिपेनिस यांचे पट्टे सारखेच. मादीत मागची मांडी बघायची: पहिलीची बहुतांश पिवळी, दुसरीची बरीचशी काळी. नरांसाठी पंखावरची सूक्ष्म लव भिंगाखाली बघावी लागते. रानातल्या फोटोत ती सापडणं जवळजवळ अशक्य. स्फेरोफोरियात तर नराचं जननांग तपासावं लागतं, आणि मादी बहुधा प्रजातीपाशीच अडते. फोटोवरून नाव सांगणारं ॲप मात्र अशा वेळीही छातीठोकपणे पूर्ण नाव सुचवतं. ते घ्या, पण शोध कुठून सुरू करायचा एवढ्यापुरतंच.

म्हणून आता एकाच माशीचे वरून, बाजूने आणि समोरून असे फोटो घेतो, आणि एक मागच्या पायावर नेम धरून. पहिला फोटो लांबूनच काढून ठेवायचा, मग सरकत जायचं. अंगावर सावली पडली की ती उडते. उडाली तरी हलू नका, विशेषतः हवेत एका जागी तरंगणारा नर पुष्कळदा तिथेच परत येतो. सकाळी गारव्यात त्या सुस्त असतात, तेव्हा पायाचा फोटो मिळायची शक्यता जास्त. फोटोच्या रंगांशी खेळ करू नका. पिवळं नारिंगी झालं की मांडीची खूणच गेली. तारीख आणि जागा मूळ फाइलसोबत राहू द्या.

त्या पहिल्या फोल्डरातल्या एका फोटोत मागचा पाय पानाआड गेलाय. डोळ्यांतली फट दिसते, बाकी काही नाही. फाइलला नाव दिलंय 'सिर्फस, मादी', आणि त्यापुढे काही लिहायचा मोह मी आवरला आहे.