साथीच्या दिवसांत घरातलं विसरणारं माणूस : या चुका टाळा

कोरोनाच्या पहिल्या दोन लाटांत मी यवतमाळ जिल्ह्यात गटप्रवर्तक म्हणून आशाताईंबरोबर गावोगाव फिरले. एसटी बंद, खासगी गाडीवाले यायला तयार नाहीत, तालुक्याचा दवाखाना तीस किलोमीटरवर. ते आपल्या हातात नव्हतं. पण डिमेन्शिया, म्हणजे विसरण्याचा आजार, झालेल्या म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत हातातल्या गोष्टीही आपण सोडल्या, आणि साध्या तापाची साथ आली तरी आजही सोडतो. म्हणून लिहिते आहे.

‘त्यांचं हे नेहमीचंच’ म्हणून सोडून देणं

माझ्या मते सगळ्यात जास्त जीव यात जातात. एप्रिल २०२१ मधली गोष्ट. एका घरी ऐंशीच्या पुढचे आबा होते, चार वर्षांपासून डिमेन्शिया. रोज सकाळी काठी घेऊन दारात यायचे आणि सुनेला म्हणायचे, “बैलं सोडून दे ना वं, मले वावरात जा लागते.” घरात बैल राहिले नव्हते. सून त्यांना पाणी देऊन परत बसवायची.

त्या दिवशी मी गेले तर आबा दारात नाहीत. सून म्हणाली, “मामाजी दोन दिसापासून शांत हायेत, ताई. तरास नाई देत आता.” तिच्या आवाजात थोडी सुटका होती, आणि चार वर्षं एकटीनं करणाऱ्या बाईला त्याबद्दल मी कधीच बोल लावणार नाही. आत गेले. भाकरीचा घास गालात तसाच, गिळलेला नाही. अंथरूण ओलं. ताप नाही, खोकला नाही. मुलगा म्हणाला, “बुड्याचा चळ वाढला, दुसरं काय.” ऑक्सिजन मोजायचा ऑक्सिमीटर बोटाला लावला तर ८३, म्हणजे फारच कमी. बोट गार असेल म्हणून चोळून दुसऱ्या बोटाला लावला. ८२.

१०८ ची गाडी यायला तीन तास लागले. आबा वाचले. परत आल्यावर काही दिवस सुनेलाही ओळखेनात. मग एका सकाळी काठी घेऊन दारात उभे राहिले आणि बैलांचं विचारलं. सून तिथेच खाली बसून रडली.

डिमेन्शिया महिन्या-महिन्यांनी वाढतो. एका-दोन दिवसांत माणूस बदलला, एकदम गप्प झाला, सारखा झोपू लागला किंवा बरळू लागला, तर शरीरात काहीतरी बिघडलं आहे असं धरून चाला. ऑक्सिजन कमी होणं, लघवीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठता, साखर खालीवर होणं, नवी सुरू केलेली गोळी, यातलं काहीही असेल. डॉक्टर त्याला डेलिरियम म्हणतात. म्हाताऱ्या माणसाला कोरोना ताप न येताही होतो. फोनवर डॉक्टरांना ‘विसरतात’ एवढंच सांगू नका, ‘परवापर्यंत चालत होते, कालपासून उठत नाहीत’ असं सांगा. मी प्रत्येक घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात खाणं, झोप, लघवी-संडास एका शब्दात लिहायला लावते. दोन आठवडे कंटाळा येतो, मग सवय होते.

कागदाशिवाय गाडीत बसवून देणं

एका आजीला कोविड सेंटरला एकटीच नेलं, नातेवाइकांना आत सोडत नव्हते. तिला कमी ऐकू येतं हे तिथं कोणाला माहीत नाही. कागदावरच्या नावानं हाक मारली तर ती ओ देत नसे, कारण साठ वर्षं सगळे तिला ‘माई’ म्हणत आलेले. ऑक्सिजनचा मास्क ती ओढून काढायची. शेवटी हात पलंगाला बांधले. एक सिस्टर आणि एवढे पेशंट, मी तिला दोष देत नाही. आम्ही घरून एक कागद दिला असता तर ‘माई’ म्हणून कोणीतरी कानाशी बोललं असतं.

तेव्हापासून माझा हट्ट आहे. एका पानावर लिहा: डिमेन्शिया आहे, कोणत्या नावाला ओ देतात, कोणत्या कानानं ऐकू येतं, चष्मा-कवळी, चालू औषधं, कशानं शांत होतात, दोन फोन नंबर. प्लास्टिकच्या पिशवीत घालून पदराला किंवा सदऱ्याच्या खिशाला टाचा. आणि एका माणसाला सोबत राहू द्या म्हणून दवाखान्यात अडून बसा.

मेडिकलवरून झोपेची गोळी आणणं

लॉकडाऊनमध्ये हे फार झालं. म्हातारं माणूस रात्री दार वाजवतं, शेजारी ओरडतात, म्हणून कोणाच्या तरी चिठ्ठीचा फोटो दाखवून गोळी आणली. अशानं माणूस पडतो, खुबा मोडतो, घास श्वासनलिकेत जातो, आणि खरा आजार झोपेखाली झाकला जातो. सर्दीच्या साध्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन हे औषधसुद्धा गोंधळ वाढवतं. एका रात्रीत उपाय हवा असणाऱ्यांचा मला राग येतो. आधी बघा, लघवीला जळजळतं का, पोट साफ आहे का, दिवसभर झोपवून ठेवलं होतं का.

बाकीच्या

डोनेपेझिलसारखी डिमेन्शियाची चालू गोळी संपली म्हणून बंद करणं. साथीची कुणकुण लागली की महिनाभराची आणून ठेवा.

‘पेशंट फोनवर बोलू शकत नाही’ म्हणून डॉक्टरांना फोनच न करणं. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या, म्हणजे फोनवरून तपासण्याच्या, नियमांत डिमेन्शियाचं नाव घेऊन लिहिलं आहे की सांभाळणारा माणूस पेशंटच्या वतीनं बोलू शकतो. ई-संजीवनी ही डॉक्टरांशी बोलायची सरकारी ऑनलाइन सेवा फुकट आहे. मात्र पुण्यातल्या मुलानं परस्पर बोलू नये, रोज जेवण भरवणारीला फोनवर घ्या.

मेंदी लावलेल्या बोटावर ऑक्सिमीटर लावणं. आकडा चुकू शकतो.

मास्कवरून भांडणं. ज्याला कळत नाही त्याला लावू नका, घरच्यांनी लावा.

आमच्याकडच्या मे महिन्यात ‘मागतील तेव्हा पाणी देऊ’ म्हणणं. ते मागत नाहीत. तासातासाला दोन घोट पाजा, बसवून.

आणि सांभाळणारीच पॉझिटिव्ह आली तर काय, हे न ठरवणं. सून विलगीकरणात आणि म्हातारा उपाशी, अशी घरं मी पाहिली. ज्याला ते ओळखतात असा दुसरा माणूस आजच ठरवा, आठवड्यातून दोनदा त्याच्या हातून त्यांना जेवू घाला, आणि त्या कागदाची एक प्रत त्याच्या घरी ठेवून या.