शर्यतीची जुनी लाकडी मोटरबोट पुन्हा समुद्रात उतरवताना

खुल्या समुद्रातील शर्यतींसाठी १९६० च्या दशकात ज्या मोटरबोटी बांधल्या गेल्या, त्यांच्याकडून कोणी दीर्घायुष्याची अपेक्षा केली नव्हती. दोन-तीन हंगाम लाटांचे तडाखे सोसावेत, जमल्यास एखादी मोठी शर्यत जिंकावी आणि नव्या, अधिक वेगवान बोटीला जागा करून द्यावी, एवढेच त्यांचे काम असे. ते संपले की इंजिने काढून विकली जात, बोटीचे नाव बदलले जाई, मोकळ्या कॉकपिटवर केबिन चढे आणि एके काळी लाटांवरून झेपावणारी ती बोट एखाद्या खाडीत सहलीची नौका म्हणून पडून राही. त्यामुळे आज अशी बोट हाती येते तेव्हा ती बहुधा परक्या नावाने, परक्या रंगात आणि परक्या इंजिनासह येते. पटाशी किंवा सँडर उचलण्यापूर्वी तिची ओळख पक्की करणे भाग आहे, कारण ओळखीचे अर्धे पुरावे त्याच रंगाखाली आणि त्याच लाकडात असतात, आणि ते एकदा घासून काढले की परत मिळत नाहीत.

या लेखात मी मुख्यतः त्या काळातील लाकडी बोटींविषयी लिहीत आहे. पातळ लाकडी पापुद्र्यांचे तीन-चार थर एकमेकांना तिरके ठेवून, साच्यावर गोंदाने चिकटवून त्यांचा सांगाडा तयार केला जाई. फायबरग्लासच्या बोटींचे दुखणे वेगळे असते आणि त्यावर स्वतंत्रपणे लिहायला हवे.

आपल्या बोटीचा वंश कोणता, हे आधी समजून घ्यावे. अमेरिकेतील मायामी ते बहामा बेटांवरील नासाउ ही शर्यत १९५६ मध्ये सुरू झाली. १९६० मध्ये रे हंट यांच्या आराखड्याची ‘मॉपी’ ही बोट घेऊन डिक बर्ट्रम यांनी ती जिंकली, तेव्हा तळाचा खोल ‘व्ही’ आकार थेट मागच्या फळीपर्यंत नेला तर खवळलेल्या समुद्रातही वेग टिकवता येतो, हे सिद्ध झाले. पुढच्याच वर्षी सर मॅक्स एटकेन यांनी इंग्लंडमध्ये काउझ ते टॉर्की ही शर्यत सुरू केली. १९६३ ची काउझ–टॉर्की शर्यत जिंकणाऱ्या ‘आ’स्पेरान्झिएला’चे आरेखक आणि चालक होते रेनाटो ‘सनी’ लेव्ही. त्यांचा जन्म १९२६ मध्ये कराचीचा, आणि इटलीला जाण्यापूर्वी १९५० च्या दशकात त्यांनी मुंबईत वडिलांच्या नौकाबांधणीच्या कारखान्यात काम केले होते. लेव्हींनी वरून पाहता त्रिकोणी भासणारा ‘डेल्टा’ तळ पुढे नेला. त्यांनीच आखलेली आणि काउझच्या साउटर कारखान्यात बांधलेली ‘सरफ्युरी’ ही बोट गार्डनर बंधूंनी १९६७ मध्ये काउझ–टॉर्की शर्यतीत विजयी केली. हंट यांचा तळ आणि लेव्हींचा तळ यांचे कोन, कडा आणि पाण्याला भिडण्याची रीत निरनिराळी आहे. म्हणून एकाच्या बोटीवर दुसऱ्याच्या मापाने दुरुस्ती केली, तर बोट सुंदर दिसेल, पण ती पूर्वीसारखी कधीच धावणार नाही.

ओळख पटवण्यासाठी शर्यतीचे जुने फोटो आणि प्रत्यक्ष बोट समोरासमोर ठेवावी. रंग आणि नाव यांवर विसंबू नये, कारण ते एका दुपारीही बदलता येतात. हवेच्या झडपांच्या जागा, दोर बांधण्याच्या खुंट्यांमधील अंतर, काचेच्या चौकटीचे स्क्रू, बाजूला निघालेल्या एक्झॉस्टच्या तोंडांची संख्या आणि त्यांची पाण्यापासूनची उंची, या गोष्टी सहसा कोणी बदलत नाही, आणि बदलल्याच तर बुजवलेली भोके आतून दिसतात. इंजिनाच्या बैठकीचे जुने बोल्टही बोलके असतात: त्यांच्यातील अंतर मोजले की मूळ इंजिन कोणत्या प्रकारचे असावे, याचा अंदाज बांधता येतो. फोटोंखालच्या ओळींवर मात्र आंधळा विश्वास ठेवू नये. एकच शर्यत-क्रमांक निरनिराळ्या वर्षी निरनिराळ्या बोटींना मिळालेला असतो, आणि वृत्तपत्रातील घाईत छापलेली एक चूक पुढे कित्येक ठिकाणी जशीच्या तशी उतरते. दोन स्वतंत्र पुरावे जुळेपर्यंत नोंदीत ‘संभाव्य’ असाच शब्द लिहावा.

ओळख पटली की सर्वांत अवघड प्रश्न समोर येतो: बोट कोणत्या वर्षाच्या स्थितीत न्यायची? बांधली त्या दिवशीच्या, जिंकली त्या शर्यतीच्या, की शेवटच्या हंगामाच्या? मधल्या काळात तिची मागची फळी बदललेली असेल, इंजिने मोठी झालेली असतील, प्रोपेलर बदलले असतील. माझे मत असे की ज्या स्थितीचे पुरावे सर्वांत भक्कम आहेत, ती स्थिती निवडावी. सर्वांत गौरवशाली दिवस निवडण्याचा मोह होतो, परंतु त्या दिवसाचे दोनच फोटो उपलब्ध असतील तर उरलेले सारे आपण कल्पनेने भरतो आणि ती कल्पनाच पुढे इतिहास म्हणून खपते. निर्णय कोणताही घ्या, तो आणि त्याची कारणे एका पानावर लिहून तारीख घाला.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. बोट पाण्याबाहेर आली की तिला नीट आधार देणे हे पहिले काम, आणि माझ्या पाहण्यात सर्वाधिक नुकसान इथेच होते. दोन-तीन ठोकळ्यांवर वर्षभर ठेवलेली बोट स्वतःच्याच वजनाने वाकते, आणि मग दुरुस्ती करणारा त्याच वाकलेल्या आकाराला इपॉक्सीने (दोन द्रव मिसळून घट्ट होणाऱ्या गोंदाने) कायमचे पक्के करून टाकतो. कण्याखाली, म्हणजे तळाच्या मधल्या लांब तुळईखाली, जवळजवळ ठोकळे द्यावेत, आतील आडव्या भिंतींच्या बरोबर खाली बाजूचे आधार द्यावेत, आणि इंजिने व टाक्या बाहेर काढल्यावर वजन कमी होते म्हणून आधार पुन्हा तपासावेत. कण्याच्या दोन्ही टोकांमध्ये ताणलेली तार किंवा लेझर ठेवून दर महिन्याला माप घ्यावे.

त्यानंतर तळ तपासावा. पाण्यावर उचलून धावणाऱ्या बोटीचा सगळा स्वभाव मागच्या दोन-अडीच मीटरच्या तळावर ठरतो. तिथे कण्याला समांतर एक लांब, खात्रीची सरळपट्टी लावून पाहावी. तळ मागच्या टोकाशी खाली वळला असेल, तर वेग वाढताच पाणी मागचा भाग उचलते आणि नाक खाली दाबले जाते; ते लाटेत घुसण्याची भीती असते. याउलट तळ मागे वर गोलावला असेल, तर मागचा भाग खाली ओढला जातो, नाक वर येते आणि बोट पाण्यावर उड्या मारू लागते. हा फरक काही मिलिमीटरचा असला तरी पूर्ण वेगात जाणवतो. तळाच्या कडा, ज्यांवरून पाणी बाजूला फेकले जाते, त्या धारदारच हव्यात. थरावर थर चढवलेला रंग आणि पुट्टी यांमुळे त्या गोल होतात, पाणी कडेला चिकटून वर चढते आणि बोट नाहक ओली व मंद होते. मात्र तळाला बाक आढळला तर तो कुठून आला ते आधी शोधा: काही वेळा तो चुकीच्या आधारामुळे येतो, काही वेळा आतील लांब तुळया सांध्यातून सुटल्याने, आणि काही वेळा तो मूळ आरेखकानेच मुद्दाम ठेवलेला असतो. मूळ रेषांचा आराखडा मिळाला नाही तर बोटीची उजवी आणि डावी बाजू एकमेकींशी ताडून पाहावी. दोन्ही बाजूंना सारखाच असलेला बाक सहसा हेतुपुरस्सर असतो.

लाकडाचे परीक्षण करताना छोटी लाकडी हातोडी आणि आर्द्रतामापक ही दोन साधने पुरतात. टणक आवाज येईल तिथे थर शाबूत आहेत. पोकळ किंवा बसका आवाज येईल तिथे खडूने खूण करावी. त्या काळी दोन प्रकारचे गोंद सर्रास वापरले जात. रिसॉर्सिनॉलची सांध्यातील रेघ गडद तपकिरी-जांभळी दिसते आणि ती पाण्याला सहसा दाद देत नाही. युरिया-फॉर्माल्डिहाइडची रेघ फिकट असते, आणि ऊब व ओलावा यांत ती कालांतराने ठिसूळ होते. दुसऱ्या प्रकारचा गोंद आढळला तर एक सांधा सुटला म्हणजे बाकीचेही वाटेवर आहेत, असे गृहीत धरावे. सर्वाधिक कुज मागच्या फळीत, इंजिनाच्या बैठकीखाली आणि जिथे पावसाचे गोडे पाणी साचते अशा कोपऱ्यांत सापडते. तडे मात्र तुळयांच्या टोकांशी पाहावेत, कारण लाटेवरून आपटताना सगळा भार तिथे अचानक थांबतो.

बोट सावकाश वाळवावी. उन्हात किंवा हीटर लावून घाई केली तर पापुद्रे फाटतात. लाकडातील ओलावा सुमारे १२ टक्क्यांवर येईपर्यंत इपॉक्सीला हात लावू नये. कुजलेला भाग काढताना प्रत्येक थर पायरीपायरीने मागे घ्यावा आणि नवा पापुद्रा कमीत कमी १:८ उताराच्या तिरक्या सांध्याने बसवावा. भार जास्त असेल तिथे १:१२ उतार ठेवावा. लाकूड शक्यतो मूळ जातीचेच घ्यावे आणि रेषांची दिशाही तीच ठेवावी. बाहेरून फायबरग्लासचे जाड कवच चढवून टाकावे, असा सल्ला अनेक जण देतील. आतील ओलावा त्याने कोंडला जातो, वजन वाढते, आणि पुढच्या पिढीला खालचे लाकूड वाचताच येत नाही. बोटीवर पूर्वीपासून नायलॉन कापड आणि रिसॉर्सिनॉल यांचे आवरण असेल, तर ते तिच्या इतिहासाचाच भाग आहे. सुटलेले असेल तेवढेच बदलावे. प्रत्येक नव्या तुकड्यावर, आतून दिसेल अशा जागी, वर्ष कोरावे. नवे लाकूड जुने असल्याचे भासवणे हे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

रंग काढण्यापूर्वी त्याचे उत्खनन करावे. बाजूच्या फळीवर, क्रमांक असण्याची शक्यता असेल तिथे, बारीक पॉलिश पेपरने ओल्या हाताने हळूहळू घासत एक लंबगोल खिडकी करावी. झाडाच्या खोडातील वर्तुळांसारखे रंगाचे थर एकामागून एक उघडतात. प्रत्येक थर सावलीत, रंगपट्टी शेजारी ठेवून टिपावा. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून कोरडे घासणे टाळावे आणि योग्य मास्क वापरावा. अक्षरांची कड सापडली तर पारदर्शक कागदावर तिचे वळण उतरवून घ्यावे, कारण ती अक्षरे बहुधा हाताने रंगवलेली असतात आणि संगणकातील कोणताही टंक त्यांच्याशी पुरता जुळत नाही. शेवटी नवा रंग देतानाही हाताएवढी एक जागा, आत किंवा डेकच्या कडेखाली, सर्व जुन्या थरांसह तशीच सोडावी.

इंजिन मूळचे असेल तर ते सुरू करून पाहण्याची घाई करू नये. प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडावे, काही दिवस थांबावे आणि हाताने फिरवावे. समुद्राच्या पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनांचे एक्झॉस्टचे भाग आतून खाल्ले गेलेले असतात, आणि तिथून गळलेले पाणी सिलिंडरमध्ये शिरते. ब्लॉक आणि गिअरबॉक्सवरील क्रमांक घासले जाण्यापूर्वी त्यांचे फोटो घ्यावेत. इंजिन बदलावेच लागले, तर जुने इंजिन बोटीसोबतच ठेवावे.

पेट्रोलच्या बाबतीत मात्र इतिहासाचा आग्रह बाजूला ठेवावा. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते आणि बोटीच्या तळाशी साचते. एक ठिणगी पुरते. नळ्या, टाकी, ठिणगीपासून सुरक्षित स्टार्टर आणि वाफ बाहेर फेकणारा ब्लोअर आजच्या मानकांप्रमाणेच असावेत, आणि सुरू करण्यापूर्वी ब्लोअर किमान चार मिनिटे चालवावा. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून १० टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्वसाधारण झाले आहे. जुन्या रबरी नळ्या त्यात फुगतात आणि फुटतात. जुनी टाकी फेकू नये. तिची मापे घेऊन तशाच आकाराची नवी बनवावी. डॅशबोर्डवरील जुन्या काट्यांच्या मागे आजची यंत्रणा बसवता येते. गाद्या आणि कातडे यांविषयी एवढेच, की जुन्या शिलाईचा एक तुकडा नमुना म्हणून ठेवावा.

कागदपत्रांचे काम या सगळ्याच्या बरोबरीने चालले पाहिजे. काढलेला प्रत्येक स्क्रू, पट्टी आणि पाटी क्रमांकाच्या पिशवीत जावी, आणि ती कुठून निघाली हे त्याच दिवशी लिहावे. फोटो आणि शर्यतींच्या कार्यक्रमपत्रिका ६०० डीपीआयवर स्कॅन कराव्यात, तीन प्रती ठेवाव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी असावी. बोटीवर काम केलेले जुने मेकॅनिक आणि चालक हयात असतील तर त्यांच्याकडे सर्वांत आधी जावे. लाकूड वर्षभर थांबेल, ही माणसे थांबतीलच असे नाही. त्यांना ‘काय आठवते?’ असे न विचारता बोटीचा एखादा सुटा भाग त्यांच्या हातात द्यावा, म्हणजे आठवणी नेमक्या येतात. ध्वनिमुद्रणाला परवानगी घ्यावी. बोट ब्रिटनमध्ये असेल, ३३ फुटांहून लांब आणि ५० वर्षांहून जुनी असेल, तर ती तिथल्या राष्ट्रीय ऐतिहासिक नौकांच्या नोंदवहीत जाऊ शकते. लहान बोटींसाठी फाल्मथच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियम कॉर्नवॉलची वेगळी नोंदवही आहे.

पाण्यात उतरवल्यावर दोन-तीन दिवस बोट नुसती तरंगत ठेवावी. सांगाडा पाण्यात स्थिरावतो, आणि शाफ्ट व इंजिन यांचे सांधे त्यानंतरच एका रेषेत जुळवावेत. जमिनीवर जुळवलेले माप पाण्यात टिकत नाही. पहिल्या फेरीत बोट पूर्ण उचलेल इतका वेग देऊ नये. अर्ध्या तासाने थांबून तळातील पाणी, शाफ्टची ऊब, नव्या सांध्यांवरील रंगातील केसासारख्या रेघा आणि इंधनाचा वास तपासावा, आणि वेग थोडा वाढवून पुन्हा तेच करावे. इंजिनाचे फेरे, वेग, लाटांची उंची आणि तळात साचलेले पाणी हे आकडे त्याच संध्याकाळी, शेवटच्या शर्यतीच्या नोंदीखालच्या ओळीत, बोटीच्या वहीत लिहावेत.