ऐन कार्यक्रमात पायाखालचे पेडल दगा देते तेव्हा : गिटारवादकांनी टाळाव्यात अशा चुका

सोलापुरात गणेशोत्सवापासून गड्ड्याच्या यात्रेपर्यंत आणि पुढे लग्नसराईत ऑर्केस्ट्राबरोबर गिटार वाजवणाऱ्या अनेकांच्या पायाशी आता एखादे मल्टिइफेक्ट युनिट, म्हणजे गिटारच्या आवाजावरचे अनेक इफेक्ट एकत्र देणारे यंत्र, आणि त्याला जोडलेला फूट कंट्रोलर किंवा एक्स्प्रेशन पेडल असते. घरी महिनोन्महिने बिनतक्रार चाललेली ही जोडणी मांडवात उभी राहिली की आवाज मध्येच गायब होतो, भलताच इफेक्ट लागतो किंवा वाह, म्हणजे पेडलच्या हालचालीने ‘वा-वा’ असा आवाज देणारा इफेक्ट, अर्ध्यावर अडकतो, आणि वादक ‘पेडल गेले’ असे ठरवून मोकळा होतो. असे ‘गेलेले’ पेडल मी जेव्हा जेव्हा उघडून तपासले, तेव्हा बहुतेक वेळा ते धडधाकट निघाले. चूक जोडणीत, सेटिंगमध्ये किंवा ते दाबण्याच्या सवयीत होती. म्हणून नवे पेडल घेण्याआधी पुढील गोष्टी तपासाव्यात, असे मी कळकळीने सांगतो.

एक्स्प्रेशन पेडलला साधी केबल लावणे

सर्वाधिक गोंधळ येथेच होतो, कारण व्हॉल्यूम पेडल आणि एक्स्प्रेशन पेडल दिसायला सारखी असली तरी त्यांचे काम निराळे आहे. व्हॉल्यूम पेडलमधून गिटारचा आवाज प्रत्यक्ष जातो. एक्स्प्रेशन पेडलमधून आवाज जातच नाही. त्यातील पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवल्यावर रोध बदलणारा भाग, पाऊल किती झुकले आहे एवढेच युनिटला कळवतो. त्यासाठी जॅकवर टिप (टोक), रिंग (मधले कडे) आणि स्लीव्ह (मागची नळी) असे तीन संपर्क लागतात, म्हणून केबलही दोन्ही टोकांना स्टीरिओ जॅक असलेलीच हवी. गिटारची नेहमीची मोनो केबल लावली तर तिच्या जॅकमुळे रिंग आणि स्लीव्ह हे दोन संपर्क एकमेकांना जोडले जातात, आणि मग पेडल एका टोकाला चिकटून राहते किंवा मध्येच उडी मारते.

केबल बरोबर असूनही हेच होत असेल, तर दोन कंपन्यांची जोडणी जुळत नाही असे समजावे. पोटेन्शिओमीटरचा सरकता संपर्क काही कंपन्या जॅकच्या टोकाला, म्हणजे टिपला देतात, तर काही मधल्या कड्याला, म्हणजे रिंगला. ही अदलाबदल झाली की सगळा बदल पावलाच्या थोड्याशा हालचालीत उरकतो आणि उरलेल्या हालचालीत काहीच घडत नाही. मल्टिमीटर असेल तर हे पाच मिनिटांत कळते. केबल पेडलला लावून तिच्या मोकळ्या टोकावर टिप, रिंग आणि स्लीव्ह यांतील दोन-दोन संपर्कांमधला रोध मोजत पेडल हलवावे; ज्या जोडीचा आकडा पेडल हलवूनही बदलत नाही, ती पोटेन्शिओमीटरमधील रोधाच्या पट्टीची दोन टोके, आणि उरलेला तिसरा संपर्क सरकता. त्याच मोजणीत एकूण रोधही समजतो. पुष्कळ युनिटांना १० किलोओहमचे पेडल चालते, परंतु यामाहाचे एफसी७ ५० किलोओहमचे आहे, त्यामुळे जुने कीबोर्डचे पेडल गिटारच्या युनिटला लावताना युनिटची पुस्तिका पाहणे आवश्यक आहे. काही पेडलांवर जोडणी बदलणारे बटण असते. ते नसल्यास दोन तारा उलट्या जोडलेली केबल ओळखीच्या दुरुस्ती कारागिराकडून तयार करून घेता येते.

यानंतर येते कॅलिब्रेशन, म्हणजे टाच पूर्ण खाली आणि चवडा पूर्ण खाली या दोन्ही स्थिती युनिटला ओळखायला लावणे. पेडल टेबलावर ठेवून हाताने दाबत कॅलिब्रेशन करणे ही फार मोठी चूक आहे. हाताचा जोर खालचे रबर जितके दाबतो तितके पाऊल दाबत नाही, त्यामुळे मंचावर शंभर टक्क्यांची पातळी कधी येतच नाही आणि टाच खाली गेल्यावरही इफेक्ट किंचित उरतो. हे काम उभे राहून, गळ्यात गिटार अडकवून आणि कार्यक्रमाला जे पायात असेल तेच घालून करावे. आपल्याकडे रूपाभवानीच्या नवरात्रात किंवा एखाद्या मंडळाच्या मूर्तीसमोरच्या मंचावर अनवाणी वाजवण्याची वेळ येते, आणि बुटाच्या सवयीचे पाऊल अनवाणी असताना वेगळाच जोर देते. चवड्याखालच्या स्विचने वाह चालू-बंद करणाऱ्यांना हा फरक विशेष जाणवतो, म्हणून सराव दोन्ही प्रकारे करावा.

व्हॉल्यूम पेडल चुकीच्या जागी ठेवणे

बॅटरी नसलेल्या, म्हणजे पॅसिव्ह, गिटारच्या लगेच पुढे ठेवायचे व्हॉल्यूम पेडल साधारण २५० किलोओहमचे असावे लागते, तर बफर (गिटारचा कमजोर सिग्नल पुढे सशक्त करून देणारे सर्किट) किंवा इतर इफेक्टनंतर २५ किलोओहमचे चांगले चालते. २५ किलोओहमचे पेडल थेट गिटारला जोडले की आवाजातील धार जाते, आणि पुष्कळ वादक तो दोष तारांना देऊन तारा बदलत बसतात.

प्रत्येक बदलासाठी दोनदा दाबावे लागणे

हा दोष नसून प्रकारांतील फरक आहे. काही फूटस्विच दाबल्यापुरतेच जोडले जातात, तर काही एकदा दाबले की त्याच स्थितीत राहतात. युनिटला पहिला प्रकार अपेक्षित असताना दुसरा लावला तर प्रत्येक दुसऱ्या दाबालाच बदल होतो. युनिटच्या मेनूत मोमेंटरी आणि लॅचिंग असा पर्याय असल्यास तो बदलावा. चालू-बंद उलटे होत असेल तर पोलॅरिटीचा पर्याय पाहावा, आणि युनिट सुरू करताना पाय स्विचवर नसावा, कारण काही यंत्रे त्या क्षणीच्या स्थितीलाच ‘मोकळी’ स्थिती मानतात.

मिडीतील एका आकड्याचा फरक

मिडी, म्हणजे संगीताच्या यंत्रांनी एकमेकांना संदेश पाठवण्याची ठरलेली पद्धत, १९८३ मध्ये सुरू झाली, आणि तेव्हापासूनच्या नियमांप्रमाणे पॅच, म्हणजे युनिटमध्ये साठवलेली इफेक्टची मांडणी, बदलण्याचा संदेश ० ते १२७ या आकड्यांत जातो. अडचण अशी की काही यंत्रे पडद्यावर तेच पॅच १ ते १२८ असे दाखवतात. कंट्रोलरवर १२ ठरवले आणि युनिटवर १३ लागला, तर काहीही बिघडलेले नाही. नवरात्रातील एका कार्यक्रमात भक्तिगीताच्या पहिल्याच ओळीखाली माझ्या गिटारमधून डिस्टॉर्शनचा आवाज आला तो याच एका आकड्यामुळे; आदल्या रात्री नवा कंट्रोलर जोडून मी फक्त पहिले दोन पॅच तपासले होते. तेव्हापासून त्या संध्याकाळी लागणारा प्रत्येक पॅच मी पायाने दाबून, कानाने ऐकून पाहतो.

पॅच अजिबात बदलत नसेल तर कंट्रोलर आणि युनिट यांचे चॅनेल एकच आहे का ते पाहावे, कारण चॅनेल १६ असतात आणि दोन्हीकडे एकच लागते. कंट्रोलरच्या ‘आउट’मधून निघालेली केबल युनिटच्या ‘इन’मध्येच गेली पाहिजे. पाच पिनांच्या मिडी केबलची लांबी १५ मीटरच्या आत ठेवावी.

पॅच बदलताना क्षणभर आवाज तुटतो, ही तक्रार मात्र खरी आहे, कारण पुष्कळ युनिटांना इफेक्टची पूर्ण साखळी नव्याने भरायला वेळ लागतो. त्यावरचा उपाय असा की एका गाण्यासाठी एकच पॅच करावा आणि अंतरा, मुखडा, सोलो यांसाठी त्याच पॅचमधील इफेक्ट चालू-बंद करावेत. लाइन सिक्सच्या हेलिक्समध्ये या सोयीला स्नॅपशॉट म्हणतात, फ्रॅक्टलच्या युनिटांत सीन. पॅच बदलायचाच असेल तर तो गायकाच्या श्वासाच्या जागी बदलावा, सुरावर नव्हे.

वीज, आणि जी चूक जिवावर बेतते

बॉससारख्या कंपन्यांची पेडल ९ व्होल्ट डीसीवर चालतात आणि त्यांच्या प्लगमध्ये मधला संपर्क ऋण असतो. परंतु सगळ्या यंत्रांना हे लागू नाही, आणि काहींना तर ९ व्होल्ट एसी लागतो. म्हणून दुसऱ्याचा अॅडॅप्टर ‘प्लग बसतो’ एवढ्यावरून लावू नये; व्होल्ट, एसी की डीसी, मधल्या संपर्काची दिशा आणि मिलिअँपिअर या चारही गोष्टी वाचाव्यात. मिलिअँपिअर अॅडॅप्टरवर अधिक असले तर चालतात, कमी असले तर युनिट मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होते. एकाच अॅडॅप्टरच्या फाट्यांवर डिजिटल आणि अॅनालॉग पेडल एकत्र चालवली की बारीक किणकिण ऐकू येते. त्यासाठी वेगवेगळे, एकमेकांपासून विलग आउटपुट देणारा पुरवठा घ्यावा.

जनरेटरवर किंवा मांडवाच्या तात्पुरत्या वायरिंगवर घूं असा आवाज येऊ लागला की प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणीतरी हमखास देतो. हा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नये. गिटारच्या तारा अर्थला जोडलेल्या असतात. गिटार एका अर्थवर, माइक दुसऱ्या अर्थवर आणि त्यांच्यात विजेच्या दाबाचा (व्होल्टेजचा) फरक, अशा स्थितीत वादकाचे ओठ माइकला लागले की शरीरातून वीज जाते. भाद्रपदातील ओल्या फरशीवर, अनवाणी, हा धोका कितीतरी वाढतो. डीआय बॉक्सवरील, म्हणजे गिटारचा सिग्नल साउंडवाल्याच्या मिक्सरला देणाऱ्या डबीवरील, ग्राउंड लिफ्टचे (सिग्नल केबलची अर्थ-जोड तोडणारे) बटण दाबावे, आणि शक्य असल्यास सर्व यंत्रे विजेच्या एकाच बोर्डवरून चालवावीत. तरीही आवाज राहिला तर आवाजासह वाजवावे, पण पिन काढू नये.

ऊन आणि धूळ

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि बंद गाडीत ठेवलेल्या पेडलबोर्डवरच्या चिकटपट्टीचा गोंद पातळ होऊन पेडल सरकू लागतात. सतरंजीवरची धूळ वाहच्या पोटेन्शिओमीटरमध्ये गेली की खरखर सुरू होते. विजेच्या संपर्कांसाठी मिळणारा क्लीनर आत थोडा फवारून पेडल वीस-पंचवीस वेळा वरखाली करावे. खरखर तरीही गेली नाही तर गळका कपॅसिटर हे कारण असू शकते, आणि ते काम कारागिराचे आहे.

एवढे करूनही गाण्याच्या मध्येच पेडलने साथ सोडली, तर वाकून शोध घेऊ नये. गिटारमधून थेट डीआय बॉक्सपर्यंत पोहोचेल अशी एक लांब केबल वेगळी ठेवावी, आणि ती पेडलबोर्डच्या पिशवीत न ठेवता अँप किंवा डीआयच्या शेजारीच गुंडाळून ठेवावी, म्हणजे दोन ओळींच्या मधल्या संगीतात साउंडवाल्याला खूण करून ती लावता येते.