क्लब रेसिंगसाठी जुनी पिढी की नवी? स्पोर्टबाइक निवडताना या चुका टाळा

यामाहाने २०१७ साली आर६ ही आपली ६०० सीसीची स्पोर्टबाइक नव्या रूपात आणली. हजार सीसीच्या आर१ सारखा चेहरा, आर१ चाच ४३ मिलिमीटरचा फोर्क (पुढच्या चाकाचं सस्पेन्शन), पुढे ३२० मिलिमीटरच्या डिस्क, एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा), ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक घसरलं की ताकद कमी करणारी यंत्रणा), अॅल्युमिनियमची टाकी. ताकद मात्र कमी झाली होती. युरोपातल्या अधिकृत आकड्यांनुसार आधीच्या गाडीची अश्वशक्ती सुमारे १२३ होती आणि नवीची ११८. प्रदूषणाचे नियम कडक झाले, त्याचा हा परिणाम. वजन घटलं नव्हतं आणि इंजिनही मुळात तेच होतं.

क्लब रेसिंगमध्ये, म्हणजे क्लबांच्या हौशी शर्यतींत, उतरणारा जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, "जुनी घेऊ की नवी?" विचारताना त्याच्या डोळ्यांपुढे बहुतेक वेळा फेअरिंगचा (गाडीच्या बाहेरच्या आवरणाचा) आकार आणि डॅशबोर्ड असतो. चुकांची सुरुवात तिथेच होते.

पिढीची रेघ भलत्याच जागी ओढणं

रस्त्यावर गाडी चालवणाऱ्यासाठी नवा चेहरा म्हणजे नवी पिढी. रेस करणाऱ्याने वेगळे प्रश्न विचारायला हवेत. आधीच्या गाडीचं जादा चाक हिला बसतं का? फेअरिंग बसते का? इंजिनचे भाग तेच आहेत का? मला हवा तो टायर या रिमसाठी मिळतो का?

आर६ चंच बघा. पहिली १९९९ ची. २००३ मध्ये फ्युएल इंजेक्शन आलं. २००५ मध्ये उलटा फोर्क आणि रेडियल कॅलिपर आले, आणि पुढचा टायर १२०/६० चा १२०/७० झाला (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा उंची रुंदीच्या टक्क्यांत). हा शेवटचा बदल माहितीपत्रकात एका ओळीत संपतो, पण रेसरसाठी तोच सगळ्यात मोठा आहे. स्लिक (खाचा नसलेले टायर), पावसाळी टायर, रेसचे ट्रेड असलेले टायर हे सगळं मुख्यतः १२०/७० मापात बनतं. २००३ किंवा २००४ ची गाडी घेणारा इंजिनमध्ये फारसं गमावत नाही, पण पुढच्या टायरची निवड करताना त्याचे हात बांधले जातात.

२००६ ची आर६ मात्र खरोखर नवी होती. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल आला, म्हणजे इंजिनात हवा सोडणारे फ्लॅप थेट केबलऐवजी मोटर उघडू लागली. २००८ मध्ये इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांची लांबी बदलणारी यंत्रणा आली. तिथून २०१६ पर्यंत फेअरिंगचं माप बहुतांशी एकच राहिलं. म्हणजे २००८ ची आणि २०१६ ची आर६ ही रेसरच्या दृष्टीने जवळजवळ एकच गाडी. शनिवारी सरावात पडलात तर शेजारच्या तंबूतून मागून आणलेला भाग बहुधा बसेल. २०१७ मध्ये पुढच्या चाकाचा अॅक्सल (चाकाचा आस) २२ मिलिमीटरचा २५ झाला, त्यामुळे जुन्या गाडीची जमवलेली जादा चाकं तिला चालत नाहीत. पावसाळी टायर चढवून तयार ठेवलेला दुसरा जोड ज्याच्याकडे आहे, त्याने नव्या गाडीकडे वळण्याआधी याचा विचार करावा.

सुझुकीत ही रेघ २०११ ला पडते. जीएसएक्स-आर६०० त्या वर्षी सुमारे नऊ किलोने हलकी झाली, शोवाचा बिग पिस्टन फोर्क आणि ब्रेम्बोचे मोनोब्लॉक कॅलिपर आले. शिवाय ६०० आणि ७५० या दोन्ही गाड्यांचा सांगाडा आणि फेअरिंग सारखी असल्याने वापरलेल्या भागांचा साठा आपसूक दुप्पट होतो. मला ही गोष्ट पाच अश्वशक्तींपेक्षा मोलाची वाटते.

नियमपुस्तिका गाडी घेतल्यावर उघडणं

कावासाकीच्या झेडएक्स-६आर वर बरेच जण इथे फसतात. २००३ ते २००६ ची गाडी ६३६ सीसीची होती. त्या काळात रेससाठी ५९९ सीसीची झेडएक्स-६आरआर वेगळी मिळायची. २००७ ते २०१२ ची गाडी ५९९, आणि २०१३ पासून पुन्हा ६३६. "चार सिलिंडर, ६०० सीसीपर्यंत" अशी काटेकोर मर्यादा असलेल्या गटात ६३६ बसत नाही. जागतिक सुपरस्पोर्ट मालिकेने २०२२ पासून मोठ्या इंजिनांना तोल साधणाऱ्या नियमांसह दार उघडलं, पण तुमच्या क्लबने तसं केलंय असं गृहीत धरू नका. काही क्लबांत मॉडेलच्या वर्षावरूनही गट ठरतात, आणि तिथे एक वर्ष जुनी गाडी तुम्हाला बरोबरीच्या लोकांत ठेवते. आधी गट ठरवा, मग गाडी शोधा.

माहितीपत्रकातल्या आकड्यांवर भाळणं

२००६ च्या आर६ ची जाहिरात १७,५०० आरपीएमच्या रेडलाइनने (इंजिनच्या फेऱ्यांच्या कमाल मर्यादेने) गाजली होती. नंतर उघड झालं की फेऱ्या दाखवणारा टॅकोमीटरच जास्त दाखवत होता आणि खरी मर्यादा १६,००० च्या आसपास होती. अमेरिकेत कंपनीने नाराज ग्राहकांकडून गाडी परत घेण्याची तयारी दाखवली. गाडी तेव्हाही उत्तम होती, आजही आहे. आकड्याने तिला वेगवान केलं नव्हतं आणि आकडा खोटा ठरल्याने ती मंदही झाली नाही.

इलेक्ट्रॉनिक्सला शिक्षक समजणं, किंवा शत्रू

दोन्ही टोकं चुकीची आहेत. हजार सीसीच्या गाडीवर चांगलं ट्रॅक्शन कंट्रोल ही चैन नव्हे. २०१५ च्या आर१ पासून सहा अक्षांचा सेन्सर गाडीचा झुकाव ओळखून हस्तक्षेप करतो आणि मागचं चाक सुटून उलटा फेकला जाण्याचा धोका खरोखर कमी होतो. तुम्ही हजारचीच गाडी घेणार असाल तर माझं मत स्पष्ट आहे: जितकी नवी परवडेल तितकी नवी घ्या.

६०० ची गोष्ट निराळी आहे. तिथे नवख्याचा वेळ थ्रॉटल उघडण्यात फारसा जात नाही. तो जातो वळणात शिरताना, ब्रेक सोडण्याच्या क्षणात, नजर जवळ ठेवण्यात. यातलं काहीही सेन्सर शिकवत नाही. जुनी, साधी ६०० घेऊन हंगामात दुप्पट लॅप करणारा माणूस, नव्या गाडीवर जपून जपून फिरणाऱ्यापेक्षा पुढे जातो हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. पडण्याची भीती खांद्यात उतरते, हात ताठ होतात, आणि ताठ हातांनी गाडी वळत नाही.

नव्या गाडीतल्या यंत्रणा एकमेकींत गुंतलेल्या असतात हेही आधी समजून घ्या. अनेक गाड्यांत एबीएसचा फ्यूज काढला की ट्रॅक्शन कंट्रोलही बंद पडतं, कारण चाकांचा वेग दोघांनाही त्याच सेन्सरांकडून कळतो. मागे १८०/५५ च्या जागी १८०/६० चा टायर लावला की चाकाचा घेर बदलतो आणि घसरण मोजणारं गणित थोडं चुकतं. जुन्या केबलवाल्या गाडीत ही भानगड नाही. उलट गियर वर नेताना क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गियर बदलू देणारी सोय) मिळाला तरी गियर खाली आणताना थ्रॉटलला आपोआप टोला देणारी सोय तिथे सहज बसत नाही. हे काम डाव्या-उजव्या हाताने शिकावं लागतं. मला ते शिकणं आवडतं. कुणाला नसेल आवडत, तर इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची गाडी घेण्याचं ते प्रामाणिक कारण आहे.

जुन्या गाडीचं वय किलोमीटरात मोजणं

माझी पहिली रेस बाइक जुन्या पिढीची होती. ओडोमीटरवरचा आकडा इतका कमी होता की मी बाकी काही विचारलंच नाही. विकणारा म्हणाला, "दुसरा गियर जरा कडक पडतो, बाकी मस्त." तिसऱ्या रेसमध्ये वळणातून बाहेर पडताना पूर्ण थ्रॉटलवर दुसरा गियर सुटला. इंजिन किंचाळलं, गाडी जागच्या जागी मंदावली आणि मागचा स्वार माझ्या कोपराला घासून गेला. तो पडला नाही, हे आमचं दोघांचंही नशीब. इंजिन उघडलं तेव्हा गियरचे डॉग (गियर एकमेकांत अडकवणारे दाते) घासून गोल झालेले आणि गियर सरकवणारा शिफ्ट फोर्क वाकलेला निघाला. इंजिनचं कवच दुभंगल्याशिवाय तिथे हात पोचत नाही. अर्धा हंगाम गेला.

म्हणून जुनी गाडी पाहताना दुसऱ्या गियरमध्ये भार देऊन थ्रॉटल पूर्ण उघडा, सोडा, पुन्हा उघडा. एकदाही धक्का बसला किंवा गियर सुटला तर व्यवहार तिथेच थांबवा. किलोमीटरपेक्षा ट्रॅकवरचे तास विचारा आणि त्यांची वही मागा. ज्याने गाडी नीट सांभाळली आहे तो तेल कधी बदललं, फोर्क कधी उघडला, चेन कधी टाकली हे लिहून ठेवतो.

रबर वापराने झिजतं, पण नुसतं पडून राहिल्यानेही म्हातारं होतं. पंधरा वर्षांच्या गाडीत ब्रेकच्या रबरी नळ्या फुगतात, कॅलिपरचे सील चिकटतात, कूलंटचे पाइप क्लॅम्पपाशी चिरतात. वीज तयार करणारा स्टेटर आणि ती आवरणारा रेग्युलेटर यांच्यामधला प्लग उघडून बघा. तपकिरी किंवा वितळलेला दिसला तर चार्जिंगची यंत्रणा आधी दुरुस्त करा. आणि परत मागवलेल्या गाड्यांची यादी तपासा. २००४ ते २०१३ च्या जीएसएक्स-आर६०० आणि ७५० साठी सुझुकीने २०१३ मध्ये पुढच्या ब्रेकचा मास्टर सिलिंडर बदलायला गाड्या बोलावल्या होत्या. आतला पिस्टन गंजून गॅस तयार होत होता आणि लिव्हर मऊ पडत होता. ते काम झालंय की नाही हे चासी नंबरवरून कळतं. विकणाऱ्याच्या शब्दावर राहू नका.

रस्त्याची नवी गाडी आणून "हळूहळू तयार करू" म्हणणं

रस्त्याच्या गाडीला रेसची करताना यादी संपत नाही. आरसे, दिवे, स्टँड उतरवायचे. अँटिफ्रीझ काढून पाणी भरायचं, कारण ग्लायकॉल ट्रॅकवर सांडलं तर मागच्या सगळ्यांना पाडतं. ड्रेन बोल्ट, ऑइल फिल्टर, तेलाचं झाकण यांना सेफ्टी वायर (ते सुटू नयेत म्हणून बांधायची तार). खालचं फेअरिंग असं की इंजिन फुटलं तर तेल आणि कूलंट मिळून निदान अर्धं तरी त्यात साठेल. ब्रेक लिव्हरला गार्ड, चेनला शार्क फिन (बोट अडकू नये म्हणून मागच्या चेनपाशी बसवायचं पातं), इंजिन केसवर जाड कव्हर. आणि सस्पेन्शन: कारखान्याची स्प्रिंग तुमच्या वजनाची नसेल तर प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबलेली ठेवायची ते) कितीही फिरवा, ती कडक होत नाही, फक्त गाडी वर उचलली जाते. स्वार बसल्यावर पुढे साधारण ३० ते ३५ आणि मागे २५ ते ३० मिलिमीटर सॅग (वजनाने सस्पेन्शन खाली बसणं) मिळत नसेल तर स्प्रिंगच बदलायला हवी.

कुणीतरी मन लावून बांधलेली, आधीच्या पिढीची तयार रेस बाइक, सोबत दोन जादा चाकं, जादा लिव्हर, क्लिप-ऑन (फोर्कला बसणारी हँडलं) आणि फूटपेगचा डबा असेल, तर नवख्यासाठी मी डोळे झाकून ती सुचवतो. गाडी मात्र डोळे उघडे ठेवून बघावी: स्टिअरिंग स्टॉप तुटलाय का, हेडस्टॉकजवळ (सांगाड्याचा हँडल बसतं तो भाग) रंग तडकलाय का, फोर्क त्यांना धरणाऱ्या ट्रिपल क्लॅम्पमध्ये सरळ बसतात का.

घेतल्यानंतर येणाऱ्या अडचणी

*वळणातून बाहेर पडताना हँडल थरथरतं.* नव्या स्टिअरिंग डॅम्परकडे (हँडलची थरथर शोषणाऱ्या भागाकडे) धावू नका. आधी पुढचं चाक हवेत उचलून हँडल सावकाश फिरवा. मध्यभागी खाच लागली तर हेडचं बेअरिंग गेलंय. मग टायरचं वय बघा. त्यावरच्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. शेवटी हँडल घट्ट आवळून तर धरत नाही ना, हे स्वतःला विचारा. निम्म्या वेळा कारण हेच असतं.

*जुनी गाडी वरच्या आरपीएमला दम टाकते.* इंजिन उघडण्याआधी थ्रॉटल पूर्ण वळवून फ्लॅप खरंच पूर्ण उघडतात का ते बघा. ताणलेल्या केबलमुळे शेवटचा भाग मिळतच नाही. त्यानंतर पेट्रोलचा फिल्टर आणि पंपाचा दाब.

*पाच-सहा लॅपनंतर ब्रेक लिव्हर हँडलकडे सरकत येतो.* जुनं फ्लुइड पाणी शोषतं आणि लवकर उकळतं. फ्लुइड बदला, रबरी नळ्यांच्या जागी स्टीलच्या जाळीच्या नळ्या टाका. तरीही सरकत असेल तर मास्टर सिलिंडर.

*एग्झॉस्ट बदलल्यावर नव्या गाडीचा इंजिन दिवा पेटतो.* सायलेन्सरबरोबर एग्झॉस्टमधल्या व्हॉल्व्हची मोटरही काढली गेलेली असते आणि ईसीयू (इंजिनचा संगणक) तिला शोधत राहतं. काही गाड्या तेवढ्यावर ताकद रोखून धरतात. ईसीयू फ्लॅश करून (त्यातली आज्ञावली बदलून) घ्या किंवा मोटर जागच्या जागी जोडून ठेवा. दिवा पुसण्याआधी एरर कोड वहीत लिहा, कारण पडल्यानंतर तुटलेला चाकाचा सेन्सरही तोच दिवा पेटवतो, आणि कोड नसेल तर अख्खी सकाळ वायरिंग तपासण्यात जाते.